हिरडा कुणी घेऊ नये?

एप्रिल-मे उजाडला की नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डांगाण पट्ट्यातली माणसे हिरड्याच्या झाडांकडे वळतात. राजूर, भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची गावे आणि डोंगर ओलांडला की पुणे जिल्ह्यातले जुन्नर-आंबेगाव, हा सगळा हिरड्याचा मुलूख. भातलावणीच्या आधी हातात चार पैसे यावेत म्हणून महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना या झाडाचा मोठा आधार असतो. आत बी धरण्याआधीची कोवळी फळे पाडायची, वेचायची आणि कातळावर नाहीतर अंगणात वाळत टाकायची. हिरवी फळे उन्हाने आकसतात, सुरकुततात आणि काळी, टणक होतात. हा बाळहिरडा. व्यापारी तो घेतात, आदिवासी विकास महामंडळानेही त्याची खरेदी केलेली आहे. झाडावर पूर्ण वाढू दिलेले पिवळट, मोठे, अंगावर धारा उमटलेले फळ म्हणजे सुरवारी हिरडा. औषधाइतकाच तो कातडी कमावायला आणि रंगालाही लागतो.

फळे एकाच झाडाची, पण घरातली जाणती बाई दोन्ही एका डब्यात ठेवत नाही. बाळहिरडा एरंडेल तेलात परतून, त्याची पूड करून पोट साफ व्हायला देतात. सुरवारी हिरडा त्रिफळ्यात जातो, सहाणेवर उगाळला जातो. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथाने हिरड्याचे गुण सांगून झाल्यावर तो कुणी घेऊ नये हेही सांगितले आहे, ते मात्र फार थोड्यांच्या कानावर आलेले असते. लांबची वाट चालून दमलेला, अशक्त, रोडावलेला, उपासाने क्षीण झालेला, पित्त वाढलेला, अंगातून रक्त गेलेला आणि गर्भवती, यांना हिरडा नको. रेचकाने शरीरातले पाणी आणि क्षार जातात, आणि आधीच खंगलेल्या माणसाला ते परवडत नाही. आजचा डॉक्टरही याच माणसांना रेचक देताना हात आखडता घेतो.

झाडपाल्याच्या जुन्या ज्ञानात अमुक रोगावर अमुक पाला एवढेच कधीच नव्हते. झाडाचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत काढलेला, कसा करून, किती, कुणाला आणि मुख्य म्हणजे कुणाला नाही, हे सगळे त्यात होते. ज्ञान हातातून हातात जाताना ‘कुणाला नाही’ हा भाग सर्वांत आधी गळतो. मोबाइलवरच्या संदेशात तो मावत नाही, बाजारातल्या पुडीवर छापलेला नसतो. माझ्या मते नगर जिल्ह्यात, आणि एकूणच महाराष्ट्रात, वनौषधींमुळे होणारे बरेचसे अपाय या गळतीतून होतात. वनस्पतींवर त्याचा दोष ढकलता येत नाही.

जिल्हा मोठा आहे, १७ हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रात क्षेत्रफळाने पहिला. २०२४पासून सरकारदरबारी त्याचे नाव अहिल्यानगर. घाटघर-रतनवाडीचा पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. त्यामुळे एका टोकाला हिरडा-बेहडा, रानहळद, करांदे. दुसऱ्या टोकाला रुई, धोतरा, कोरफड, बांधावरचा कडुनिंब आणि त्यावर चढलेली गुळवेल. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत राज्यभरातून भटक्या जमाती येतात. जडीबुटी विकत गावोगाव फिरणारे वैदूही त्यांत असतात. नगर शहरात वैद्य पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेदाचे शिक्षण उभे केले आणि औषधींच्या गुणधर्मांवर मराठीतून ग्रंथ लिहिला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन चालते. रानातला भगत, गावातली सुईण, फिरता वैदू, शिकलेला वैद्य आणि विद्यापीठ असे सगळे धागे या एका जिल्ह्यात आहेत, आणि तरीही शेवटी पुडी घरी येते ती बहुधा कुणालाच न विचारता.

आता बिब्बा घ्या. काळे, चकचकीत, चपटे फळ. त्याच्या सालीत बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत काळपट चिकट तेल भरलेले असते. फळाला दाभण टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरले की ते थेंबाथेंबाने ओघळते. टाचेच्या भेगांत, काटा मोडून ठणकणाऱ्या जागी ते भरायची रीत जुनी आहे. कपड्यावर न पुसणारी खूण करायला परीट हेच तेल वापरत. आतला गर म्हणजे गोडंबी. ती थंडीत आणि बाळंतिणीच्या लाडवांत जाते.

आणि बिब्बा उततो. ज्याला उतला त्याने हा शब्द पुन्हा हलकेपणाने वापरला नाही. आधी खाज, मग लाली, सूज, पाण्याने भरलेले फोड. हात डोळ्याला लागला असेल तर चेहरा ओळखू येत नाही इतका सुजतो. तेलातली भिलावनॉल नावाची फिनॉल जातीची द्रव्ये हे करतात. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, म्हणून काजूच्या टरफलाचे तेलही असेच भाजते आणि आंब्याच्या चिकाने काहींच्या ओठांना फोड येतात. यातली खरी अडचण वेगळी आहे. पहिल्या संपर्कात काहींना फारसे काही होत नाही, पण त्या वेळी शरीराची प्रतिकारशक्ती ते द्रव्य ओळखून ठेवते. पुढच्या खेपेला, लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी, अंग पेटते. मागच्या वर्षी लावला तेव्हा काही झाले नाही, या भरवशाला म्हणून काडीचा अर्थ नाही. आईला चालला म्हणून लेकीला चालेल असेही नाही.

हे जुन्या वैद्यांना नीट माहीत होते. आयुर्वेदात बिब्बा पोटात देण्याआधी त्याचे शोधन सांगितले आहे. देठाकडचे टोक कापायचे, फळे विटेच्या भुकटीत घालून चोळायची. वीट तेल शोषून घेते, भुकटी काळी पडते. मग धुवायचे, पुढे दुधात वगैरे शिजवायचे. हे करणारा हाताला खोबरेल चोपडून बसतो. लहान मुले, म्हातारी माणसे, गर्भवती, पित्तप्रकृतीची माणसे आणि उन्हाळ्याचे दिवस, यांत बिब्बा वर्ज्य. घेणाऱ्याने उन्हात, विस्तवाजवळ जायचे नाही. एवढे सगळे कुंपण ज्या औषधाभोवती घातले होते ते औषध आज आठवडी बाजारात मूठभर मिळते, आणि दुधात बिब्ब्याचे थेंब सोडून प्यावे हा सल्ला फुकट मिळतो. असा बिब्बा पोटात गेल्यावर तोंड सोलून निघाल्याच्या आणि मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्वचेवर सांडला तर आधी साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, फोड फोडू नका, आणि चेहरा किंवा डोळा सुजत असेल तर दवाखान्यात जा. लहान मुलाच्या अंगाला बिब्बा लावूच नये, दृष्ट काढण्यासाठीही नाही.

मुलांचा विषय निघाला म्हणून बाळगुटीकडे जरा थांबून पाहू. न्हाऊ घातलेले बाळ मांडीवर, समोर सहाण, वाटीत आईचे दूध नाहीतर उकळून गार केलेले पाणी. एकेक काष्ठौषधी घ्यायची आणि सहाणेवर ठरावीक वेढे द्यायचे: हिरडा, बेहडा, मुरडशेंग, कुडा, सागरगोटा, वेखंड, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, मायफळ, बदाम, खारीक. कुणाचे चार वेढे, कुणाचे दोन, आणि जायफळाचा अगदी एक. बाळाला शी घट्ट होत असेल तर हिरड्याचा वेढा वाढवायचा, पातळ होत असेल तर कमी करून मुरडशेंग आणि कुड्याचा वाढवायचा. वेढा हे या औषधाचे माप. मिलिग्रॅमपर्यंत न जाताही मात्रा हातात ठेवणारी, रोज बाळाकडे बघून बदलणारी ही पद्धत मला फार विचारी वाटते.

पण वेढ्याचे माप उगाळणाऱ्या हातात असते. तीच औषधे मिक्सरमधून काढून पूड केली आणि चमच्याने चाटवली की माप संपले. जायफळात मायरिस्टिसिन असते. एका वेढ्याने बाळ गुंगत असेल तर पाव चमचा पुडीने ते बेशुद्धीच्या वाटेवर जाऊ शकते. आजकाल नोकरीवर जाणारी आई आणि रडणारे बाळ यांच्यामध्ये जायफळाचा दुसरा-तिसरा वेढा सहज घुसतो, त्याची भीती वाटते. वेखंडाच्या तेलात बीटा-असॅरोन असते, भारतात मिळणाऱ्या वेखंडात ते पुष्कळ असते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. अतिविष हिमालयातून येते आणि त्याचा भाऊबंद बचनागही तिथूनच येतो. अतिविष सौम्य, तर बचनागातले ॲकोनिटिन थोड्याशा मात्रेत हृदयाचे ठोके बिघडवून माणूस मारते. दोन्ही वाळलेल्या मुळ्या. दुकानदाराच्या बरणीत काय आहे हे त्याला तरी खात्रीने माहीत असेलच असे नाही. त्यात दमट सहाणेवरचे जंतू आणि जुन्या बदामा-खारकेवरची बुरशी आलीच.

माझे मत सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या म्हणते, आणि ते पाळावे. गुटी द्यायचीच असेल तर त्यानंतर, जाणत्या वैद्याला विचारून, सहाणेवर उगाळून, वेखंड आणि जायफळ वगळून. आणि कडुनिंबाचे तेल बाळाच्या पोटात कधीही घालू नये. जंतांवर म्हणून चमचा-दोन चमचे पाजलेल्या तान्ह्या मुलांना काही तासांत उलट्या, गुंगी आणि झटके आल्याचे मलेशियातल्या आणि भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहे. पाडव्याला मोठ्यांनी चघळायची चार कोवळी पाने आणि बियांतून काढलेले तेल यांत फार अंतर आहे.

पावसाळ्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात झुडपांवर चढलेली कळलावी फुलते. खाली पिवळ्या, वर लालभडक, कडा मुरडलेल्या पाकळ्या. पानांच्या टोकांना ताणे, त्यांनी ती आधार पकडते. इतके देखणे फूल या डोंगरात क्वचित. जमिनीखाली काटकोनात वाकलेला कंद असतो. अडलेल्या बाळंतिणीच्या हातापायाला तो बांधायचा किंवा त्याचा लेप द्यायचा, अशी रीत पूर्वीच्या सुईणींत होती. बांधायचा आणि बाळ सुटताच काढून टाकायचा. पोटात द्यायचा नाही. कारण कंदात, बियांत आणि कमीअधिक सगळ्या झाडात कोल्चिसिन असते. वातरक्तावर, म्हणजे सांध्यांत यूरिक आम्ल साठून होणाऱ्या संधिवातावर, डॉक्टर हेच द्रव्य गोळीत अर्धा-एक मिलिग्रॅम देतात. कंद करांदा किंवा रताळे समजून खाल्ला तर काही तासांत घशाची आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरे वाटते, नातेवाईक निर्धास्त होतात, आणि तेवढ्यात अस्थिमज्जा, मूत्रपिंड, हृदय एकेक करून थकत जातात. वाचलेल्या माणसाचे केस दोनेक आठवड्यांनी पुंजक्याने गळतात. याच डोंगरातले लोक कडूकरांदे खातात, पण काप करून, राख घालून उकडून, वाहत्या पाण्यात धुऊन कडवटपणा गेल्यावर. कुठला कंद कसा ओळखायचा आणि कसा शिजवायचा, हे ज्ञान त्या बायकांकडे अजून आहे. ते कुणी शिकून घेतले नाही तर रानभाजी महोत्सवातून परतलेला शहरी उत्साह एखाद्या दिवशी कळलावी शिजवील.

गुळवेलीचे प्रकरण ताजे आहे आणि त्यावर वादही झाला आहे. करोनाच्या काळात नगर जिल्ह्यात असे गाव नसेल जिथे कडुनिंबावरची गुळवेल ओरबाडून काढा उकळला गेला नाही. काढा चार-आठ दिवस घ्यायचा असतो. तो महिनोन्‌महिने घेतला गेला. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा हा परिणाम असू शकतो. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. या वेळी काही रुग्णांकडून मिळालेले नमुने तपासलेही होते. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याकडे झुकलेली असते अशांमध्ये गुळवेल ती आग भडकवत असावी, असे या डॉक्टरांचे म्हणणे. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरेच. दोन्ही एकत्र धरून वागायचे तर एवढेच करावे: थायरॉइडचा स्वप्रतिकारजन्य विकार, आमवात, पांढरे डाग, यकृताचा जुना आजार असलेल्यांनी ती घेऊ नये, आणि इतरांनीही रोजचा रतीब लावू नये. लघवी पिवळीजर्द झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्या क्षणी काढा बंद आणि यकृताची तपासणी.

एवढे वाचून झाडपाल्याचा धसका बसू नये. अडुळसा बघा. शेळी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावतात आणि खोकल्याला पाने कामी येतात. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. ते आज कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांत असते. तेच व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करते, म्हणून गर्भवतीला अडुळसा नाही. दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढत. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनपासून बनवलेले इप्राट्रोपियम आज मोजून फवाऱ्यातून देतात, आणि पान मात्र माणसाला बरळायला लावते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रुग्णांच्या मोजमापांसह दाखवले आणि साऱ्या जगाचे लक्ष या झुडपाकडे गेले. पुढे त्यातून रेसरपिन वेगळे झाले, आणि जास्त मात्रेत ते मन खिन्न करते हेही कळले. गुण आणि दोष एकाच द्रव्याचे असतात.

मधुमेहाची गोळी चालू ठेवून कारल्याचा रस आणि मेथीची पूड वाढवत नेली तर साखर एकदम खाली येऊन माणूस शेतात कोसळतो. रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्याचे पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. दुधी कडू लागला तर रस टाकून द्यावा; कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. रुईचा चीक काट्यावर लावणाऱ्याने तोच हात डोळ्याला लावू नये, बुबुळ भाजते. चालू औषधांची यादी वैद्याला आणि चालू काढ्यांची यादी डॉक्टरला सांगण्यात लाजण्यासारखे काहीच नाही. पण सांगतो कोण?

एका बाबतीत मात्र मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही, आणि ती म्हणजे सर्पदंश. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सापाने मेली, बहुतेक खेड्यांत. सापसंद, म्हणजे ईश्वरीचे मूळ, उगाळून पाजायची पद्धत महाराष्ट्रात सगळीकडे होती. त्याने नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष उतरत नाही. वर त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधांतून याच कुळातली वनस्पती पोटात गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. साप चावल्यावर प्रतिविष हाच इलाज. विंचवासाठीही दवाखानाच: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनने विंचूदंशाचे मृत्यू कसे टळतात हे १९८०च्या दशकात दाखवून दिले आहे. पाला चोळण्यात गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही.

मग जुने जाणते ज्ञान आणि दवाखाना यांची सांगड कुणी घालायची? याचे उत्तर याच जिल्ह्यात मिळालेले आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. मीठ-साखरेच्या पाण्याने जुलाब झालेले मूल कसे सांभाळायचे, कोणते दुखणे घरी बरे होईल आणि कोणते आजच्या आज पाठवायला हवे, हे त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवले. गावाने त्यांचे ऐकले, कारण त्या गावच्याच होत्या. अकोले तालुक्यातल्या सुईणी आणि भगतांशी, मढीला येणाऱ्या वैदूंशी अशाच बरोबरीने बसून बोलायला हवे: तुम्ही हे कुणाला देत नाही? त्यांच्याकडून हे उत्तर लिहून घेणे औषधी गुणांच्या यादीपेक्षा तातडीचे आहे.

तोपर्यंत घरी एवढे करा. बाजारातून आणलेल्या पुडीवर वनस्पतीचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर ती घेऊ नका. बचनाग, बिब्बा, धोतरा, गुंज, कण्हेर, कळलावी, जमालगोटा, कुचला ही नावे औषध कायद्याच्या नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. यांची औषधे वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत असा इशारा बाटलीवर असावा लागतो, तो वाचा. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर त्याची नोंद करता येते. विषबाधेची शंका आली तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधले विष माहिती केंद्र १८००-११६-११७ वर डॉक्टरांना आणि नातेवाइकांना सल्ला देते. आणि दवाखान्यात निघताना खाल्लेल्या झाडाची फांदी, कंद, बी किंवा उरलेली पुडी बरोबर न्या. उपचार काय करायचे हे अनेकदा त्यावरूनच ठरते.